डोंगर हिशेबात धरला आहे

ओल्खोव्का,
१२ नोव्हेंबर २०१८

लाडक्या लॅरीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

परवा आजी डोंगरानं सूर्य शालीखाली घेतला. दुपारी डोंगराच्या खांद्यावर नखाएवढा दिसला आणि गेला. आता ब्याऐंशी दिवस सुट्टी. तुम्ही व्हँकुव्हरची माणसं पावसाला शिव्या देता, पण ढग कधीतरी हलतो तरी. आमची आजी कुठे हलायला!

नव्या घरात येऊन मला तीन आठवडे झाले. बारा म्हातारे आणि बारा खोल्या. माझी खिडकी माझ्यापेक्षा उंच आहे. जो येईल त्याला मी सांगते, या सगळ्या घराचं ऊब-गारव्याचं गणित माझ्या भावाच्या मुलानं मांडलंय, तेही आधी संगणकात घर उभारून. शेजारची मेबल म्हणते, "फेन्या, आता भाच्याचं नाव दारावरच रंगवून टाक, म्हणजे तुझा घसा तरी वाचेल." जळते मेली. तिचा पुतण्या ट्रक चालवतो.

आमची यंत्राची खोली वॉल्टर कोन्किन सांभाळतो. दुसरं कोण सांभाळणार? काल माझ्या खिडकीपाशी उभा राहून म्हणाला, "एवढाल्या खिडक्या, आणि ऊन तर फेब्रुवारीपर्यंत नाही. लॅरीनं आजीला मोजलंय ना गं नक्की?" मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. म्हटलं, दीड वर्षापूर्वी भर सभेत तूच हे विचारलं होतंस आणि त्यानं फोनवरून सगळ्यांना ऐकू येईल असं सांगितलं होतं, डोंगर हिशेबात धरला आहे. रिपोर्टातही छापलंय. ज्या पोराला तू खांद्यावर घेतलंस, तो आजीला विसरेल?

आठवतं ना तुला? एक फेब्रुवारी, सभागृहाच्या पायऱ्या, सगळं गाव डोंगराकडे तोंड करून उभं. तुझ्या हातात पाव, कारण त्या वर्षी आठ वर्षांचा तूच होतास. पावावर ऊन पडल्याशिवाय तो कापायचा नाही. तुला धीर धरवेना, म्हणून वॉल्टरनं तुला खांद्यावर उचललं आणि पावाला सगळ्या गावाच्या आधी ऊन लागलं. त्या दिवशी तू चार वाट्या बीटाचं बोर्श्ट प्यायलास.

थोडं गार वाटतं, एवढंच. नवं घर आहे, अंगवळणी पडेल. दोन स्वेटर घालते, ते आपले हौसेनं.

तुझी,
फेन्या आत्या


व्हँकुव्हर,
२३ नोव्हेंबर २०१८

प्रिय आत्या,

पत्र मिळालं. उशिराबद्दल क्षमा कर, कामाचा डोंगर आहे इथे.

तुला खिडकी आवडली हे वाचून बरं वाटलं. डोंगराचं म्हणशील तर त्याची रीत अशी असते. सरकारी नकाशांतून जमिनीच्या उंचीचे आकडे मिळतात, दर वीस मीटरला एक. ते प्रोग्रॅममध्ये भरले की पडद्यावर अख्खी आजी उभी राहते, पार घळीपासून सोंडेपर्यंत. मग वर्षाच्या प्रत्येक तासाला सूर्य कुठे असेल, सावली कुठल्या खिडकीवर पडेल, खोलीत ऊब किती राहील आणि यंत्र केवढं बसवावं लागेल, ते सगळं आधीच कळतं. हल्ली ही पद्धत फार पुढे गेली आहे.

गारठा वाटतो तो दुसऱ्या कशानं तरी असेल. नवी यंत्रं नाजूक असतात, जुन्या लाकडाच्या भट्टीसारखी दणकट नसतात. वॉल्टरकाकांना म्हणावं, यंत्राच्या हवेच्या जाळ्या साफ ठेवा आणि बटणं सारखी फिरवू नका. यंत्राला आपल्या चालीनं चालू द्यावं लागतं. पहिल्या हिवाळ्यात चालवणाऱ्याचा हात बसलेला नसतो, असं सगळीकडेच होतं.

नाताळाला यायचं जमेल असं वाटत नाही.

तुझा,
लॅरी


ओल्खोव्का,
७ डिसेंबर २०१८

लाडक्या लॅरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी सभेत वाचून दाखवलं. पंधरा दिवस सगळे कुरकुरत होते, जेवायला कोट घालून बसत होते, मेबल हातमोजे घालून झोपत होती. मला वाटलं, घरच्या इंजिनियरचं पत्र वाचलं की तोंडं बंद होतील. झालीही. पण झालं भलतंच.

आमची अध्यक्ष नेटी माकॉर्टॉफ म्हणाली, "रिपोर्टात एकवीस अंश लिहिलेत. लॅरी स्वतः लिहितोय की चालवणाऱ्याचा हात बसलेला नसतो. मग आणखी काय विचारायचं राहिलं?" सगळ्यांच्या माना वॉल्टरकडे वळल्या. तो एवढंच म्हणाला, "जाळ्या मी तीनदा धुतल्या." नेटी म्हणाली, "मग बटणं फिरवली असशील." पन्नास वर्षं गावाच्या भट्ट्या, पंप आणि आमच्या चुलीसुद्धा दुरुस्त केलेला माणूस, टोपी मुठीत चुरगाळत उभा होता.

आणि मी गप्प बसले, लॅरी. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. बोलायला हवं होतं, आणि बोलले नाही.

जुन्या स्वयंपाकघरातला थर्मामीटर मी इथे आणून भिंतीला लावलाय. दुपारी दोनला साडेचौदा दाखवतो. नेटीला म्हटलं, तो चाळीस वर्षांचा झाला, म्हाताऱ्या माणसासारखा बरळतो.

एक विचारू? तुझ्या त्या पडद्यावर आजी नीट बसली होती ना? उगाच आपलं विचारलं. रागावू नकोस.

तुझी,
फेन्या आत्या


व्हँकुव्हर,
१५ डिसेंबर २०१८

प्रिय आत्या,

सोबत विजेचं कांबळ पाठवत आहे. खालचं बटण दोनवर ठेव, तीनवर नको. मेबलसाठीही एक आहे.

आकडे पुन्हा एकदा तपासून पाहतो. सध्या ऑफिसात फार गडबड आहे. माझं पत्र तू सभेत वाचायला नको होतंस, ते घरगुती होतं.

जुन्या थर्मामीटरवर फार विसंबू नकोस. जपून राहा.

तुझा,
लॅरी


ओल्खोव्का,
४ जानेवारी २०१९

चिरंजीव लॅरीस,

मला पत्रं लिहायची सवय नाही, तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाल. फेन्यानं लिहू नको म्हणून बजावलं होतं, पण तुला कळायला हवं.

वीस डिसेंबरला तिला न्यूमोनिया झाला. बारा दिवस दवाखान्यात होती. आता धोका नाही. डॉक्टर म्हणाले, उबेत ठेवा, म्हणून तिला माझ्याकडे आणलंय. स्वयंपाकघरात चुलीशेजारी खाट टाकली आहे. माझ्या बोर्श्टला नावं ठेवते, म्हणजे बरी होतेय.

दुसरी गोष्ट. समितीनं मला फेब्रुवारीपासून येऊ नको सांगितलंय, त्या जागी शहरातून शिकलेला माणूस येईल. त्याबद्दल माझी तक्रार नाही. यंत्र नवं आहे आणि मी जुना.

पण मला समजून घ्यायचंय. तुझा रिपोर्ट मी तीनदा वाचला. अर्धा डोक्यावरून गेला. चौदाव्या पानावर "डोंगर हिशेबात धरला आहे" असं आहे, ते मात्र कळलं. तू म्हणतोस म्हणजे धरलाच असशील. तेव्हा चूक माझ्याकडेच आहे. यंत्र मी दिवसभर पूर्ण जोरानं चालवतो, ते एक क्षण थांबत नाही, तरी खोल्या तापत नाहीत. जाळ्या धुतल्या. दारांच्या फटी बुजवल्या. तुझं पत्र आल्यावर बटणांना हातसुद्धा लावला नाही.

माझं काय चुकतंय ते लिहून पाठव, शाळेतल्या पोरांना लिहून देतात तसं, सोपं. एकाहत्तर पूर्ण झाली तरी शिकेन. नोकरी गेली तर गेली. पण फेन्याला त्या खोलीत परत पाठवायच्या आधी मला कळलंच पाहिजे.

तुझं बरं चाललं असेल. आम्हाला सगळ्यांना तुझा अभिमान वाटतो.

वॉल्टर कोन्किन


व्हँकुव्हर,
९ जानेवारी २०१९

वॉल्टरकाका, साष्टांग नमस्कार.

तुमचं काहीही चुकलेलं नाही. यापुढचं पत्र वाचलं नाहीत तरी चालेल, पण हे एक वाक्य नेटीबाईंना दाखवा. यंत्र थांबत नाही आणि खोल्या तापत नाहीत, कारण यंत्रच लहान आहे. ते लहान आहे, कारण खिडक्यांतून ऊन येईल असं मी गृहीत धरलं. डोंगर मी हिशेबात धरलेला नव्हता.

आधी धरला होता. नकाशातून आजीची उंची आणली, पडद्यावर ती उभी केली. सोंडेवरचा तो खड्डासुद्धा ओळखू येत होता, जिथे आपण रानबेरी तोडायला जायचो. मला कौतुक वाटलं. पण तेवढा डोंगर घेऊन एक उत्तर यायला अकरा तास लागायचे, आणि मला खिडक्यांची मापं बदलून बदलून पन्नास उत्तरं हवी होती. म्हणून डोंगर काढून ठेवला. तात्पुरता. चार मिनिटांत उत्तर यायला लागलं, आणि उत्तरंही छान यायला लागली. हवामानाचे आकडे विमानतळाचे होते. तिथे उघड्या मैदानावर डिसेंबरातही ऊन पडतं. एकवीस अंश, लहान यंत्र, सगळ्यांकडून शाबासकी. रिपोर्टातलं ते वाक्य पहिल्या दिवशीच लिहून ठेवलेलं होतं, ते तसंच राहिलं.

इथपर्यंत त्याला चूक म्हणता येईल. पण सभेत तुम्ही फोनवर मला विचारलंत, "लॅरी, आजी मोजलीस ना रे?" त्या क्षणी मला आठवलं होतं की ती काढून ठेवली आहे. मी म्हणालो, "धरलाय काका, डोंगर हिशेबात धरलाय." मनात म्हटलं, उद्या घालतो परत.

उद्या नाही, पण तीन आठवड्यांनी घातला. रिपोर्ट मंजूर झाला होता आणि पाया अजून खणायचा होता. आजी जागेवर ठेवली, अकरा तास थांबलो. डिसेंबर, दुपारी दोन, दक्षिणेच्या खोल्या: साडेचौदा.

आत्याच्या थर्मामीटरवर जो आकडा आहे, तोच मी दीड वर्षापूर्वी माझ्या पडद्यावर पाहिला होता. प्रोग्रॅम खोटं बोलला नाही आणि चाळीस वर्षांचा थर्मामीटरही बरळला नाही. मी पडद्यावरची ती खिडकी बंद केली आणि कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, अरे, तू तर त्या डोंगराखालीच वाढलास ना? त्या एका प्रश्नाची मला इतकी लाज वाटली, की तो कुणी विचारू नये म्हणून मी बारा म्हाताऱ्यांना गारठ्यात ठेवलं.

आणि वर जाळ्यांबद्दल लिहिलं. ते लिहिताना मला ठाऊक होतं, काका, की जाळ्यांचा काही संबंध नाही. तुमचं नाव मी मुद्दाम घेतलं. माझ्या हातून झालेल्यांत हे सगळ्यांत नीच.

काल ऑफिसात सगळं सांगितलं. इंजिनियरांच्या संघटनेलाही लिहून कळवलं. परवाना ठेवायचा की काढून घ्यायचा ते त्यांचं ते ठरवतील. नवं गणित माझा सहकारी मांडतोय, डोंगरासकट. मोठं यंत्र उन्हाळ्याआधी बसेल. तोवर प्रत्येक खोलीसाठी एक असे बारा विजेचे हीटर सोमवारी निघतील.

हे पत्र सभेत मोठ्यानं वाचा. माझं ते जाळ्यांचं पत्र जिथे वाचलं गेलं, तिथेच. मी स्वतः यायला हवं होतं. तोंड दाखवायची हिंमत होत नाही.

आत्याला काय सांगायचं ते मला कळत नाही.

लॅरी


ओल्खोव्का,
२२ जानेवारी २०१९

लॅरी,

आशीर्वाद लिहिणार नव्हते. पण हात आपोआप तिकडे जातो, तेव्हा असू दे. अनेक आशीर्वाद.

वॉल्टरनं तुझं पत्र वाचलं, घडी घातली आणि चुलीत टाकायला निघाला. म्हणाला, "पोराची अब्रू अशी चव्हाट्यावर मांडायची नसते. आपण नेटीला तोंडीच सांगू, यंत्र लहान निघालं म्हणून." मी खाटेवरून उठून त्याच्या हातातून ते हिसकावून घेतलं. म्हटलं, जाळ्यांचं पत्र मी वाचलं होतं, हेही मीच वाचणार.

रविवारी सभेत वाचलं. दोनदा खोकला आला, पण एक ओळ गाळली नाही. "साडेचौदा" वाचलं तेव्हा माझाच आवाज मला परका वाटला. सभेच्या रीतीप्रमाणे टेबलावर पाव, मीठ आणि पाणी होतं, वाचून संपल्यावर सगळे त्याकडेच बघत बसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. याच घरात दारोदार तुझं नाव मिरवलं होतं मी.

मग नेटी उठली. कडक बाई, तुला माहीत आहे. वॉल्टरसमोर गेली आणि प्रार्थनेत वाकतो तशी जमिनीपर्यंत वाकली. तिच्यामागून मी. मला उठवायला दोघं लागले. वॉल्टर बिचारा लाजेनं लालबुंद झाला. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाला, "लहानपणी मी त्याला खांद्यावर घेत होतो ना, तिथून त्याला आजी ठेंगणी दिसली असेल. चूक माझीच."

सगळे हसले. मेबलसुद्धा हसली. मला मात्र रडू आलं. तू त्याच्या माथी खोटं मारलंस, आणि तो भर सभेत तुझ्यासाठी जागा करत होता.

वॉल्टरची नोकरी राहिली. शहरातल्या माणसाला नेटीनं नको म्हणून कळवलं.

आता माझं. मला डिसेंबरातच कळलं होतं. कांबळ आलं तेव्हा. सहा वर्षांचा असताना तू माझी लोणच्याची बरणी फोडली होतीस, आणि मी काही विचारायच्या आत झाडू घेऊन हजर झाला होतास. पार्सल उघडलं, आणि मला तो झाडू दिसला. तरी मी तोंड उघडलं नाही. वॉल्टरला काढायचं ठरलं त्या सभेतही नाही. अंगात ताप होता, तो मी मला सोयीचा करून घेतला. तेव्हा सगळी लाज एकट्यानं घेऊन बसू नकोस, निम्मी माझी आहे. ती मी सभेत सांगितली.

तोंड दाखवायची हिंमत नाही म्हणतोस. ते मी ऐकणार नाही. एक फेब्रुवारीला शुक्रवार आहे. गावात यंदा आठ वर्षांचं एकही मूल नाही. पाव कोण धरणार असा प्रश्न निघाला तेव्हा वॉल्टरनं तुझं नाव घेतलं, आणि नेटी नाही म्हणाली नाही. खांद्यावर घेणार नाही म्हणतो, गुडघे गेले त्याचे. सगळ्यांच्या पुढे पायरीवर उभा राहा, पाव वर धर, आणि ऊन येईपर्यंत थांब, आम्ही थांबतो तसा. त्या दिवशी कुणाला खाली बघता येत नाही. डोंगराकडेच बघावं लागतं.

फेन्या आत्या

ता. क. अकरा हीटर पोचले, बारावा वाटेत फुटला. माझ्या खोलीत नाही घेतला, बाकीच्यांना पुरले. मी अजून वॉल्टरच्या चुलीशेजारीच झोपते, म्हणून तुझी सोय माझ्या खोलीत केली आहे. थर्मामीटर पलंगासमोरच आहे. जाड मोजे आण.